सिक्युरिटी गार्डचं 'लायसन्स' काढायचंय? पैसे भरण्याआधी हे समजून घ्या

सकाळी सातच्या आसपास वाळूज एमआयडीसीतल्या कुठल्याही मोठ्या गेटसमोर उभे राहा. रात्रपाळीचा गार्ड डोळे चोळत रजिस्टर पुढे सरकवतो आणि दिवसपाळीचा गार्ड टोपी नीट करत सही करतो. मागे ट्रकची रांग लागलेली असते. एमएच २० चे, एमएच १५ चे, अधूनमधून गुजरातचे. १९८५ मध्ये इथे बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आजूबाजूला पुढे शेकडो लहानमोठे कारखाने आले. वाळूज, रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी ही सगळी गावं गंगापूर तालुक्यातली. म्हणजे तालुक्यातल्या पोराला पहिली नोकरी बऱ्याचदा याच पट्ट्यात मिळते, आणि ती मशीनवरची नसेल तर गेटवरची असते.

आता समजा, लासूर स्टेशनच्या एखाद्या मुलाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला: 'सिक्युरिटी गार्ड लायसन्स परीक्षा, फॉर्म सुरू, पास होण्याची हमी, फी अमुक हजार.' पोलीस भरती दोनदा हुकलेली आहे आणि घरून तगादा सुरू आहे. भरावेत का पैसे?

थांबा. या मेसेजमध्ये पहिल्याच ओळीत गडबड आहे.

लायसन्स असतं, पण गार्डचं नसतं

देशात खासगी सुरक्षा रक्षकांसाठी जो मुख्य कायदा आहे त्याचं नाव 'खासगी सुरक्षा एजन्सी (नियमन) अधिनियम, २००५'. इंग्रजी आद्याक्षरांवरून धंद्यातले लोक त्याला 'पसारा' म्हणतात. मराठी कानाला हे नाव जरा गमतीचं वाटतं, आणि कागदपत्रांची यादी बघितली की शोभतंही.

या कायद्याच्या कलम ४ नुसार लायसन्स लागतं ते एजन्सीला. लायसन्सशिवाय सुरक्षा एजन्सी चालवली तर १ वर्षापर्यंत कैद, २५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. लायसन्स ५ वर्षांसाठी असतं आणि ते राज्याचा नियंत्रक अधिकारी देतो. कायद्यात ठरवलेली फी एका जिल्ह्यासाठी ५ हजार, पाच जिल्ह्यांपर्यंत १० हजार आणि संपूर्ण राज्यासाठी २५ हजार रुपये. हे पैसे एजन्सीच्या मालकाने भरायचे असतात. गार्डने नाही.

गार्डसाठी काय लिहिलंय ते कलम १० मध्ये आहे. वय १८ पूर्ण आणि ६५ च्या आत. भारतीय नागरिकत्व. चारित्र्य आणि पूर्वेतिहासाची खात्री. ठरवून दिलेलं प्रशिक्षण यशस्वीपणे पूर्ण केलेलं असणं. शारीरिक निकषांत बसणं. कोर्टाने दोषी ठरवलेल्या, किंवा सैन्य, पोलीस, सरकारी नोकरी वा आधीच्या एजन्सीतून गैरवर्तनामुळे बडतर्फ झालेल्या माणसाला गार्ड म्हणून ठेवता येत नाही. माजी सैनिक, माजी पोलीस आणि होमगार्ड यांना प्राधान्य आहे. या सगळ्यात 'गार्डने सरकारची लायसन्स परीक्षा द्यावी' असं वाक्य कुठेही नाही.

मग हा शब्द आला कुठून? एक तर मोबाईलवरून. ब्रिटनमध्ये २००१ च्या कायद्यानुसार दारावरच्या गार्डला स्वतःच्या नावाचं लायसन्स घ्यावं लागतं आणि त्यासाठी कोर्स करून परीक्षा द्यावी लागते. दुबईत 'सिरा' या सरकारी संस्थेचं प्रशिक्षण आणि कार्ड असल्याशिवाय गेटवर उभं राहता येत नाही. आखातात काम करणाऱ्या भारतीय गार्डचे त्या परीक्षेबद्दलचे व्हिडिओ इकडेही फिरतात. ते बघितल्यावर इथेही तसंच काहीतरी असेल असं वाटणं साहजिक आहे.

दुसरं कारण बंदुकीचं. बँकेसमोर किंवा कॅश व्हॅनवर दिसणारा गनमॅन शस्त्र परवान्यावर काम करतो. तो परवाना १९५९ च्या शस्त्र कायद्याखालचा आणि त्या माणसाच्या स्वतःच्या नावाचा असतो. तो मार्ग पूर्ण वेगळा आहे. विनाशस्त्र गार्डचा त्याच्याशी संबंध नाही.

म्हणून कुणी 'गार्डचं सरकारी लायसन्स काढून देतो' म्हणालं तर तो नसलेली वस्तू विकतोय. पण एवढ्यावर हा विषय संपत नाही. लायसन्स नसलं तरी प्रशिक्षण आहे आणि शेवटी चाचणीही आहे. ती नीट दिली तर पुढच्या नोकरीत खरोखर उपयोग होतो.

१६० तासांचा कोर्स

केंद्राने २००६ मध्ये नमुना नियम काढले. त्यात गार्डच्या प्रशिक्षणासाठी किमान १०० तास वर्गातले आणि ६० तास मैदानातले, तेही किमान २० कामाच्या दिवसांत पसरलेले, असं सांगितलं. माजी सैनिक आणि माजी पोलिसांसाठी छोटा कोर्स आहे: ४० तास वर्ग, १६ तास मैदान, किमान ७ दिवस. शेवटी यशस्वी उमेदवाराला प्रशिक्षण संस्था ठरलेल्या नमुन्यात प्रमाणपत्र देते. लोक ज्याला सर्रास 'लायसन्स' म्हणतात तो कागद बहुतेक वेळा हाच असतो.

महाराष्ट्राचे स्वतःचे नियम २००७ चे आहेत आणि केंद्राने २०२० मध्ये नवे नमुना नियम आणले. त्यामुळे संस्थेत नाव नोंदवताना सध्याचा अभ्यासक्रम आणि तासांचं वेळापत्रक लेखी मागून घ्या. 'दोन दिवसांत सर्टिफिकेट' असं कुणी म्हणालं तर २० दिवसांचा आकडा आठवा.

दुसरी वाट कौशल्य विकासाची. 'अनआर्म्ड सिक्युरिटी गार्ड' नावाचा अभ्यासक्रम राष्ट्रीय कौशल्य चौकटीत आहे. तिथे शिकवणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा. लेखी प्रश्न असतात आणि प्रात्यक्षिकही करून दाखवावं लागतं. 'परीक्षा' हा शब्द खऱ्या अर्थाने लागू होतो तो इथे. जे गार्ड आठ-दहा वर्षं काम करतायत पण हातात कागद नाही, त्यांच्यासाठी 'आधीच्या शिक्षणाची मान्यता' अशी सोय प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत ठेवलेली आहे. पूर्ण कोर्स न करता थोडं मार्गदर्शन आणि थेट मूल्यमापन. वाळूज पट्ट्यातल्या चाळिशीतल्या गार्डसाठी ही सोय पोरांच्या कोर्सपेक्षा जास्त कामाची आहे, पण तिच्याबद्दल बोलतं कोण?

मैदानात किती धावायचं?

पोलीस भरतीची तयारी केलेल्यांसाठी इथे चांगली बातमी आहे. पोलीस शिपाई भरतीत पुरुषांची उंची १६५ सेंटीमीटर लागते. २००६ च्या नमुना नियमांत गार्डसाठी ती १६० आहे, महिलांसाठी १५०. पुरुषांची छाती ८० सेंटीमीटर आणि फुगवून ४ ने जास्त. महिलांना छातीची अट नाही. पाय सपाट नको, गुडघे एकमेकांना घासणारे नकोत. आणि १ किलोमीटर ६ मिनिटांत धावता आलं पाहिजे.

६ मिनिटं म्हणजे ४०० मीटरच्या मैदानावर अडीच फेऱ्या, प्रत्येक फेरी साधारण २ मिनिटं २४ सेकंदांत. ज्याने १६०० मीटरचा सराव केलाय त्याला हे वॉर्मअपसारखं वाटेल. ज्याने काहीच केलेलं नाही त्याने पहिल्या आठवड्यात चालणं आणि धावणं आलटून पालटून करावं. पहिल्याच दिवशी जीव खाऊन पळालं तर दुसऱ्या दिवशी पोटऱ्या धरतात आणि सराव तिथेच बंद पडतो.

लोक अडकतात ते धावण्यात कमी, डोळ्यांत जास्त. चष्म्यासह किंवा चष्म्याशिवाय लांबचं ६/६ दिसावं लागतं आणि रंगांधळेपणा चालत नाही. कारण उघड आहे. स्कॅनरचा पडदा असो की अलार्म पॅनेल, लाल आणि हिरवा ओळखता आला पाहिजे. तपासणी आधीच करून घ्या. नंबर लागलाच तर चष्मा चालतो, पण तो कोर्स सुरू व्हायच्या आत हातात हवा.

कलम १० मध्ये दहावी-बारावीची अट लिहिलेली नाही, ती नोकरी देणारे घालतात. अभ्यासक्रमात मात्र एक गोष्ट स्पष्ट आहे. ओळखपत्र, परवाने, तपासणीचे तक्ते यांवरची इंग्रजी अक्षरं आणि आकडे वाचून समजले पाहिजेत. मराठी शाळेतून आलेल्या मुलाला याची धास्ती वाटते, पण इथे इंग्रजी बोलायचं नाहीये. रस्त्याने जाताना गाड्यांचे नंबर मोठ्याने वाचायची सवय लावा. एमएच २० संभाजीनगर, १७ श्रीरामपूर, २१ जालना, १५ नाशिक. आठवडाभरात डोळा बसतो. मग आधार कार्ड, ड्रायव्हिंग लायसन्स, कंपनीचं आयडी घेऊन नाव, फोटो आणि मुदत या तीन जागा पटकन शोधायचा सराव करा. कागद बघायचा, नोंद करायची, परत द्यायचा. स्वतःकडे ठेवून घ्यायचा नाही.

वाळूजमध्ये हा धडा पुस्तकातला नाही

अभ्यासक्रमात गर्दी नियंत्रण आहे, प्रथमोपचार आहे, संशयास्पद वस्तू ओळखणं आहे, गणवेश कसा घालायचा हेही आहे. पण सगळ्यात जास्त वेळ कशाला द्यायचा असेल तर आगीला.

३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूज एमआयडीसीत हातमोजे बनवणाऱ्या एका कारखान्यात आग लागली. कामगार आत झोपलेले होते. ६ जणांचा जीव गेला. औद्योगिक पट्ट्यात पहाटे दोन-अडीचला जागा असलेला माणूस म्हणजे बहुतेक वेळा गार्डच. धूर पहिला दिसतो तो त्याला, आणि पुढच्या दोन-तीन मिनिटांत तो काय करतो यावर बरंच काही अवलंबून असतं.

म्हणून क्रम पाठ पाहिजे. आधी आरडाओरडा आणि अलार्म, म्हणजे आतले लोक बाहेर पडायला लागतील. मग १०१ किंवा ११२ ला फोन. फोनवर कंपनीचं नाव पुरत नाही, प्लॉट नंबर आणि जवळची खूण सांगावी लागते, कारण एमआयडीसीत सगळे रस्ते सारखेच दिसतात. मग वीज बंद. सिलिंडर हातात घ्यायचा तो त्यानंतर, तोही आग लहान असेल आणि पाठीमागे बाहेर पडायची वाट मोकळी असेल तरच.

सिलिंडर चालवणं चार हालचालींचं आहे. पिन ओढा, नळी आगीच्या बुडाशी धरा, दांडा दाबा, डावीकडून उजवीकडे फिरवा. चूक होते ती दुसऱ्या पायरीला. माणूस ज्वाळेच्या शेंड्यावर फवारतो आणि सिलिंडर रिकामा होतो. कोणता सिलिंडर कशावर चालतो हा तर हमखास विचारला जाणारा प्रश्न. लाकूड, कागद, कापड पेटलं तर पाणी चालतं. तेल किंवा थिनर पेटलं असेल तर पाणी टाकायचं नाही, आग पसरते. तिथे फोम किंवा पावडर. विजेच्या पॅनेलवर कार्बन डायऑक्साइड किंवा पावडर. दाब भरलेल्या पावडरच्या सिलिंडरवर छोटा काटा असतो, तो हिरव्या पट्ट्यात आहे ना, हे दर पाळीला बघायचं. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरवर असा काटा नसतो, तो वजनावरून तपासतात. हा उलटा प्रश्न विचारला की अर्धा वर्ग गप्प होतो.

प्रथमोपचारातही तसंच. शॉक लागलेल्या माणसाला हात लावण्याआधी मेन स्विच बंद. श्वास थांबला असेल तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब, खोली ५ ते ६ सेंटीमीटर. कृत्रिम श्वास देता येत असेल तर ३० दाबांनंतर २ श्वास. साप चावला, आणि पावसाळ्यात गोदामाच्या कडेला हे होतं, तर चिरा मारायचा नाही, घट्ट बांधायचं नाही, तोंडाने विष ओढायचं नाही. माणसाला हलू न देता १०८ ला फोन.

जुनं गाईड घेतलंय? कलमं बदलली आहेत

अभ्यासक्रमात कायद्याची तोंडओळख आहे: दंड संहिता, स्वसंरक्षणाचा हक्क, एफआयआर कसा नोंदवायचा. इथे मोठा घोळ होऊ शकतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. रद्दीच्या दुकानातून किंवा मित्राकडून आणलेल्या गाईडमध्ये जुनेच आकडे असतात. स्वसंरक्षणाची कलमं आधी ९६ ते १०६ होती, आता न्याय संहितेत ३४ ते ४४ आहेत. एफआयआरचं १५४ आता नागरिक सुरक्षा संहितेचं १७३ झालं. पुस्तकाच्या पहिल्या पानावरचं आवृत्तीचं वर्ष बघूनच ते विकत घ्या.

आकडे पाठ करून भागत नाही, कारण गार्डला अडचणीत आणणारी गोष्ट वेगळीच आहे. रात्री दोनला कुणी तांब्याची तार पिशवीत भरून भिंतीवरून उडी मारताना सापडला. काय करायचं?

बरेच गार्ड त्याला केबिनमध्ये कोंडतात, दोन ठेवून देतात आणि सकाळी साहेब येईपर्यंत थांबतात. या तिन्ही गोष्टी त्यांच्यावरच उलटू शकतात. गार्डला पोलिसांचे अधिकार नाहीत. त्याला आहे तो सामान्य नागरिकाचा अधिकार. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार डोळ्यांसमोर अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा करणाऱ्याला कुणीही पकडू शकतं. पण विनाकारण उशीर न करता, आणि कोणत्याही परिस्थितीत ६ तासांच्या आत, त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. ६ तासांची ही मर्यादा नव्या कायद्यात आली, जुन्या गाईडमध्ये ती सापडणार नाही. रात्री दोनला पकडलेला माणूस सकाळी नऊपर्यंत केबिनमध्ये असेल तर ती मर्यादा ओलांडलेली असते.

मारहाणीचंही तसंच. स्वसंरक्षणात गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. माणूस हाती लागला, शांत बसला, त्यानंतर मारलेली प्रत्येक थप्पड हा गार्डने केलेला गुन्हा. शिवाय कोणता गुन्हा अजामीनपात्र आणि कोणता नाही हे अंधारात गेटवर उभं राहून ठरवणं सोपं नसतं. म्हणून सापडल्या सापडल्या ११२ ला फोन, सुपरवायझरला फोन आणि रजिस्टरमध्ये वेळेसकट नोंद: कोण, कुठे, किती वाजता, हातात काय होतं, फोन कधी केला. कोर्टात उभं राहायची वेळ आलीच तर ही नोंदच गार्डच्या बाजूने बोलते.

अभ्यासक्रमात पोलीस आणि सैन्यातल्या हुद्द्यांच्या खुणाही आहेत. सगळे तक्ते रटत बसू नका, फसवणारे तेवढे बघा. पोलीस निरीक्षकाच्या खांद्यावर तीन तारे असतात आणि उपअधीक्षकाच्याही तीनच. फरक तांबड्या-निळ्या फितीचा. निरीक्षकाला ती असते, उपअधीक्षकाला नसते.

खाकी दिली तर घालू नका

गणवेशाचा धडा वाचताना कंटाळा येतो, पण त्यात एक मोठी मेख आहे. गार्डने सैन्य किंवा पोलिसांचा, किंवा तसा भासणारा गणवेश घातला तर कलम २१ नुसार १ वर्षापर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि ही शिक्षा एजन्सीच्या मालकासोबत गार्डलाही आहे. 'मला दिला म्हणून घातला' हे उत्तर कामाला येईलच असं नाही. नियमांत दंडावर एजन्सीचा बिल्ला, छातीवर किंवा खांद्यावर हुद्दा, लेसचे बूट, टोपी आणि शिट्टी एवढं सांगितलंय. शिट्टी डाव्या खिशात, दोरीला बांधलेली. तोंडी परीक्षेत हे विचारतात, हसू नका.

नोकरी कुठे? इथे महाराष्ट्राचं वेगळं गणित आहे

बाकी राज्यांत गार्ड म्हणजे खासगी एजन्सी एवढंच समीकरण. महाराष्ट्रात त्याच्या खूप आधी, १९८१ मध्ये, खासगी सुरक्षा रक्षकांच्या नोकरीचं नियमन आणि कल्याण यासाठी वेगळा कायदा झाला. १९६९ च्या माथाडी कायद्याच्या धर्तीवर. या कायद्याखाली सुरक्षा रक्षक मंडळं आहेत. कंपनी मंडळाकडे नोंदणी करते, पगार आणि लेव्ही मंडळात भरते, आणि मंडळ नोंदीत रक्षकाला पगार, भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजा वगैरे देतं. मधला ठेकेदार राहत नाही. म्हणूनच मंडळाच्या जागेसाठी लोक वर्षानुवर्षं थांबतात, आणि म्हणूनच मंडळाच्या नावाने पैसे मागणाऱ्यांपासून सगळ्यात जास्त सावध राहायला हवं. ठराविक अटींवर सूट मिळालेल्या एजन्सी आपले गार्ड स्वतःच पुरवू शकतात.

तिसरी जागा महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळाची. २६/११ च्या हल्ल्यानंतर, २०१० च्या कायद्याने ते उभं राहिलं. सरकारी आस्थापनांपासून मोठ्या प्रकल्पांपर्यंत त्याचे जवान दिसतात. त्यांची भरती आणि मैदानी निकष वेगळे आणि जास्त कडक असतात, पोलीस भरतीच्या जवळ जाणारे. जाहिरात आली तर ती महामंडळाच्या अधिकृत संकेतस्थळावरच बघावी.

उरलेले सगळे, म्हणजे वाळूजच्या गेटवरचे बरेचसे, खासगी एजन्सीत जातात. तिथे मुलाखतीला गेलात की उलट तपासणी तुम्हीही करू शकता. एजन्सीने आपलं लायसन्स किंवा त्याची प्रत कार्यालयात दिसेल अशी लावणं कायद्याच्या कलम १२ नुसार बंधनकारक आहे. भिंतीकडे बघा. लायसन्सची तारीख बघा, कोणत्या जिल्ह्यांसाठी आहे ते बघा. फक्त छत्रपती संभाजीनगरचं लायसन्स असलेली एजन्सी तुम्हाला पुण्याच्या पॉइंटवर पाठवत असेल तर तिथेच विचारा. फोटोसह ओळखपत्र एजन्सीनेच द्यायचं असतं, त्यावर रंगीत फोटो, पूर्ण नाव, एजन्सीचं नाव आणि क्रमांक हवा. पोलीस पडताळणीचा अहवाल नमुना नियमांनुसार ३ वर्षं चालतो, त्यामुळे त्याची प्रत स्वतःकडे ठेवा.

प्रशिक्षणाचं काय? कलम ९ नुसार गार्डला प्रशिक्षण मिळेल हे बघण्याची जबाबदारी एजन्सीची आहे. 'आधी कोर्सचे पैसे भर, मग ड्युटी' असं म्हणत असतील तर पावती मागा, त्यावर संस्थेचं नाव आणि तास लिहून घ्या. पावती द्यायला कुणी का-कू करत असेल तर उत्तर मिळालं असं समजा.

आणि पगार. जाहिरातीत मोठा आकडा असतो, तो अनेकदा १२ तासांच्या ड्युटीचा आणि महिन्याच्या सगळ्या दिवसांचा. ८ तासांनंतरचं काम ओव्हरटाइम, त्याचा दर दुप्पट. पगारातून भविष्यनिर्वाह निधीसाठी मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के कापले जातात. २१ हजारांपर्यंतच्या पगारावर ईएसआयचे ०.७५ टक्के. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार नियुक्तीपत्र देणं मालकाला बंधनकारक आहे. कामगार कायदे मोडले म्हणून एजन्सीचं लायसन्स रद्द होऊ शकतं, अशी तरतूद 'पसारा' कायद्यातच आहे, हे फार थोड्या गार्डना माहीत असतं.

पहिला पगार झाला की मोबाईलवर उमंग अ‍ॅप उघडून यूएएन नंबर टाका आणि पासबुक बघा. पगाराच्या स्लिपवर कापलेली रक्कम तिथे महिना-दोन महिन्यांत दिसायला हवी. दिसली नाही तर स्लिप जपून ठेवा आणि छत्रपती संभाजीनगरच्या भविष्यनिर्वाह निधी कार्यालयात लेखी तक्रार द्या. त्यासाठी वकील लागत नाही, ऑनलाइनही करता येते.